७५ वरून ७० : आकडा वॉशिंग्टनचा, पेट्रोल आमचं महाग

पायथ्याशी

२०२४ च्या जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे आले होते. आम्ही डेन्व्हरच्या पश्चिमेला, गोल्डनजवळ राहतो, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. एका दुपारी आकाश निळंशार, रॉकीजच्या कडा कोरून काढल्यासारख्या स्वच्छ. बाबा फिरायला म्हणून बूट घालत होते आणि माझ्या फोनवर इशारा आला : आज ओझोन जास्त, दुपारी श्रमाचं काम बाहेर करू नका. बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "ही हवा वाईट? मग आमच्या स्वारगेटच्या हवेला काय म्हणायचं?"

त्याच आठवड्यात पंपावर कुरकुर ऐकली की नवीन 'रिफॉर्म्युलेटेड' (कमी प्रदूषण करणारं) पेट्रोल आलंय आणि गॅलनमागे पैसे वाढलेत. लोक गव्हर्नरला शिव्या घालत होते. मला कुतूहल वाटलं म्हणून मागे मागे जात वाचत गेलो, तर धागा पोचला थेट २००८ पर्यंत. लिहून काढतोय, चुकलं तर दुरुस्त करा.

अमेरिकेत हवेतल्या ओझोनची मर्यादा केंद्र सरकारची ईपीए (पर्यावरण संरक्षण संस्था) ठरवते. १९७९ ला ती होती तासाच्या सरासरीला १२० पीपीबी. (पीपीबी म्हणजे हवेच्या शंभर कोटी रेणूंत ओझोनचे किती.) १९९७ ला आठ तासांची सरासरी धरायचं ठरलं आणि आकडा आला ८०. आकडेमोडीच्या नियमामुळे ८४ पर्यंत चालायचं, ती गंमत वेगळीच. २००८ ला ७५ झाला, ऑक्टोबर २०१५ ला ७०. तेव्हापासून ७० च आहे. २०२० च्या डिसेंबरात तो तसाच ठेवला, २०२३ ला पुन्हा नव्याने आढावा घ्यायचं जाहीर केलं.

आता खरी मेख. नवा आकडा आला म्हणून जुना लगेच जात नाही. आमच्या भागावर ७५ चं घड्याळही चालू आहे आणि ७० चंही. हवा एकच, मोजणारी यंत्रंही तीच, पण खटले दोन (कोर्टातले नव्हेत, हिशोबाचे). ७५ च्या खटल्यात आमची नऊ काउंट्यांची (जिल्ह्यांची) पट्टी २०१२ ला 'मार्जिनल' होती, मग 'मॉडरेट', मग 'सीरियस', आणि २०२२ च्या अखेरीस 'सिव्हिअर'. प्रत्येक वेळी मुदत चुकली की एक पायरी वर. आणि सिव्हिअर झालात की ते पेट्रोल कायद्यानेच सक्तीचं होतं. गव्हर्नरला विचारत नाहीत, राज्याच्या हवा नियंत्रण कमिशनला विचारत नाहीत. १ जून २०२४ पासून पंपावर जे दिसलं ते त्यामुळे.

म्हणजे बाबांच्या फिरण्याच्या आड आलेला आकडा २०१५ चा (इशारा ७० वरून निघतो), आणि खिशाला लागलेला २००८ चा!

---

रसायन_आळी

छान सुरुवात. दोन पुरवण्या.

एक, काही जण इथे येऊन "पण ओझोन तर चांगला असतो ना" म्हणतील, म्हणून आधीच सांगतो. तो चांगला वर, पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे. नाकाशी आला की तो फुप्फुसाला जाळतो. धुराड्यातून कुणी ओझोन सोडत नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं (गाड्या, वीजकेंद्रं, बॉयलर) आणि बाष्पशील सेंद्रिय वायू (पेट्रोलची वाफ, रंग, तेलविहिरी, झाडंसुद्धा) यांची ऊन्हात खिचडी शिजते. म्हणून तो सकाळी कमी, दुपारी दोन ते सहा कळसाला. वास सहसा जाणवत नाही, धूर नाही. निळ्या आकाशात निवांत बसलेला असतो. काकांचा गोंधळ अगदी रास्त आहे.

दोन, पीपीबी हे प्रमाण आहे, वजन नाही. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर, तिथे हवाच विरळ. त्यामुळे तेच ७० पीपीबी मुंबईत असतील तर प्रत्येक श्वासात ओझोनचे रेणू जास्त जातील. याचा नियमाला काही उपयोग नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अवांतर : जून २०२४ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शेजारच्या राज्यांत जाणारं प्रदूषण रोखायच्या ईपीएच्या योजनेला ५-४ ने स्थगिती दिली. त्या निकालपत्रात नायट्रोजन ऑक्साइडांच्या जागी पाच ठिकाणी 'नायट्रस ऑक्साइड' छापलं गेलं होतं, म्हणजे दंतवैद्याकडचा हसवणारा वायू. नंतर दुरुस्त केलं. आमच्या अकरावीच्या सरांनी पट्टी मारली असती.

---

ह्यूस्टनचा_भाऊ

लेख आवडला, पण एकतर्फी वाटला. मी वीस-पंचवीस वर्षं रिफायनरीच्या धंद्यात आहे, त्यामुळे मला पक्षपाती म्हणा, हरकत नाही.

आकडा ७० वर आणणं कागदावर सोपं आहे. पण कॉलोराडोसारख्या उंच ठिकाणी वसंत ऋतूत वरच्या थरातला ओझोन खाली उतरतो. आशियातून येतो. वणव्यांच्या धुरातून तयार होतो. हे सगळं धरलं तर स्थानिक माणसाच्या हातात उरतं किती? ७० पैकी निम्म्याहून जास्त तुमचं नाहीच. आणि शिक्षा मात्र पूर्ण तुम्हाला. बाहेरगावच्या पाहुण्याने सांडलेल्या चहाबद्दल घरच्या पोराला मार.

शिवाय 'सीरियस' ला वर्षाला ५० टन सोडणारा कारखाना 'मोठा' धरतात, 'सिव्हिअर' ला २५ टन. कारखाना तोच, यंत्रं तीच, एका रात्रीत तो मोठा झाला आणि परवान्याची फाइल इंचाची फुटावर गेली. नवीन काही उभारायचं तर तुम्ही जेवढं सोडणार त्याच्या १.३ पट दुसरीकडे कुणाचं तरी बंद करून दाखवा. छोटा माणूस कुठून आणणार?

---

पायथ्याशी

@ह्यूस्टनचा_भाऊ, मुद्दे मान्य आहेत, शिक्षा पूर्ण होते हे मात्र नाही. वणव्याचे दिवस 'अपवादात्मक घटना' म्हणून पुराव्यासकट वगळून मागता येतात. परदेशातून आलेल्या ओझोनसाठीही कायद्यात वाट आहे : तो नसता तर आम्ही पास झालो असतो, हे सिद्ध करा, वरची पायरी टळेल. मात्र सिद्ध करणं हे वर्षानुवर्षांचं काम.

आणि आमच्याकडचा किस्सा तर याच्या उलटा आहे. ७५ च्या खटल्यात राज्याने आणखी एक वर्षाची मुदत मागितली होती. २०१९ च्या मार्चमध्ये नवे गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी तो अर्ज मागे घेतला. म्हणजे राज्य आपणहून 'सीरियस' व्हायला तयार झालं. तेलवाले भडकले. पण गव्हर्नरचं म्हणणं सरळ होतं, सबबी सांगण्यात वेळ घालवायचा नाही.

आणि "आपल्या हातात उरतं किती" याबद्दल : राज्यातलं चार-पंचमांशाहून जास्त तेल एकट्या वेल्ड काउंटीतून निघतं आणि वेल्ड याच पट्टीत येते. सकाळी तिथली वाफ आणि डेन्व्हरच्या गाड्यांचा धूर मैदानात साचतो, ऊन तापलं की वारा डोंगराकडे वर चढतो आणि सगळं आणून आमच्या दारात टाकतो. म्हणून सगळ्यात वाईट आकडे डेन्व्हरच्या मध्यात येतच नाहीत, ते रॉकी फ्लॅट्स, गोल्डन, चॅटफील्डला येतात. जिथे लोक मोकळी हवा म्हणून घरं घेतात तिथे.

---

वॉशिंग्टन_पार्कची_वहिनी

मोठं दुखणं आहे हे. आमच्या मंडळाचा मुलांचा क्रिकेटचा सराव शनिवारी दुपारी चारला असायचा. प्रशिक्षक हवेच्या निर्देशांकाचा रंग बघून ठरवतात : पिवळा असेल तर खेळा, नारिंगी असेल तर दमा असलेली मुलं बाहेर बसतील. जुने पालक सांगतात की पूर्वी नारिंगी दिवस एवढे नसायचे. हवा खरंच बिघडली की आपणच घाबरट झालो?

---

रसायन_आळी

वहिनी, याचं उत्तर मजेशीर आहे. आकडा ७५ होता तेव्हा ६० ते ७५ पिवळा होता, नारिंगी ७६ पासून. २०१५ ला आकडा ७० झाला तसे रंगही सरकवले : ५५ ते ७० पिवळा, ७१ पासून नारिंगी. म्हणजे ७३ चा दिवस २०१४ ला पिवळा आणि २०१६ ला नारिंगी. हवा तीच, रंग बदलला.

म्हणून लगेच "हा सगळा कागदी खेळ" असं नका म्हणू. ७३ ला दमेकरी मुलांना त्रास २०१४ लाही होतच होता, फक्त कुणी त्यांना बाहेर बसवत नव्हतं.

---

ह्यूस्टनचा_भाऊ

मग ६० करा. ५० करा. थांबायचं कुठे? प्रत्येक पीपीबीला किती खर्च येतो हे बघायचंच नाही का?

---

कायदेपंडित_नाही

भाऊ, आकडा ठरवताना खरंच बघायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ ला एकमताने सांगितलंय, व्हिटमन विरुद्ध अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्स. निकाल लिहिला स्कॅलिया यांनी, ते काही हिरव्या झेंड्याखाली उभे राहणारे न्यायमूर्ती नव्हते. मर्यादा फक्त आरोग्य बघून ठरवा, खर्च बघून नाही. खर्चाचा विचार खाली, राज्याने उपाय निवडताना करायचा : ट्रकवर लावायचा, विहिरीवर की रंगाच्या डब्यावर.

कागदावर शुद्ध, प्रत्यक्षात मात्र राजकारण आत शिरतंच. २००८ ला ईपीएच्याच शास्त्रज्ञांच्या सल्लागार समितीने ६० ते ७० च्या मध्ये कुठेतरी ठेवा म्हटलं होतं, ठेवला ७५. ओबामांच्या काळात ईपीएच्या प्रमुख लिसा जॅक्सन यांनी तो खाली आणायची तयारी केली, तर सप्टेंबर २०११ ला व्हाइट हाउसनेच थांबवलं. बेकारी होती, निवडणूक पुढच्या वर्षी होती. २०१५ ला ७० झाला तो समितीच्या पट्ट्यातला अगदी वरचा आकडा. २०१७ ला तर प्रतिनिधिगृहाने असं विधेयक मंजूर केलं की आढावा दर पाच वर्षांऐवजी दहा वर्षांनी घ्यावा. सिनेटमध्ये ते पुढे सरकलं नाही.

राज्यांना खरा त्रास या मागे-पुढेचा आहे असं माझं मत. आकडा कडक असला तरी तयारी करता येते. आज कडक, उद्या आढावा, परवा नवं सरकार, असं असलं की स्थानिक खात्यातला माणूस म्हणतो, थांबूया, बदलेलच काहीतरी. घड्याळ मात्र थांबत नाही.

---

फ्रेझ्नोची_सून

आमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन वाकीन व्हॅलीपुढे तुमचं डेन्व्हर म्हणजे महाबळेश्वर. आम्ही 'एक्स्ट्रीम' मध्ये आहोत. याच्या वर पायरीच नाही, त्यामुळे चढायची भीती संपली, हा एक फायदा.

गंमत ऐका. सिव्हिअर आणि एक्स्ट्रीमवाल्यांनी शेवटची मुदत चुकवली तर मोठ्या कारखान्यांनी टनामागे दंड भरायचा असं स्वच्छ हवा कायद्याच्या १९९० च्या दुरुस्तीत आहे. जुन्या तासाच्या आकड्याची मुदत आमच्याकडे चुकली. मग तोडगा काय निघाला? गाड्यांच्या वार्षिक नोंदणीवर १२ डॉलर वाढवले. कारण काय, तर प्रदूषणात मोठा वाटा गाड्यांचाच आहे. वाटा आहे हे खरं. पण घरी मी सांगितलं की कारखान्याचा दंड आपण भरतोय, तर सासरे म्हणाले, "हे आपल्याकडच्यासारखंच झालं की!"

---

पायथ्याशी

@फ्रेझ्नोची_सून, सासऱ्यांना नमस्कार सांगा.

तुमच्या प्रतिसादावरून राहिलेली गोष्ट आठवली. ७० च्या खटल्यात आम्ही 'मॉडरेट' होतो, मुदत ऑगस्ट २०२४. पास होणार नाही हे उघड होतं. तर कॉलोराडोने त्या वर्षी स्वतःहून अर्ज केला : आम्हाला 'सीरियस' करा. टेक्सासनेही तेच केलं, डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओसाठी. दोन राज्यांचं राजकारण दोन टोकांचं आणि अर्ज सारखा! कारण पायरी चढलं की नियम कडक होतात, पण मुदतही वाढते, आमची ऑगस्ट २०२७ झाली. दहावीला नापास होणार हे दिसल्यावर यंदा ड्रॉप घेणाऱ्या मुलासारखं. भाऊ, तुमच्याकडे याबद्दल काय बोलतात?

---

ह्यूस्टनचा_भाऊ

तेच बोलतात. कारखान्यांना काय करायचंय हे निदान कळतं.

आणि प्रामाणिकपणे एक कबुली देतो. २००० साली ह्यूस्टनमध्ये विमानं उडवून मोठं मोजमाप झालं. आम्ही कंपन्या जे आकडे भरून देत होतो, त्याच्या कितीतरी पट इथिलीन आणि प्रोपिलीन शिप चॅनलवरच्या (बंदराकडे जाणाऱ्या जलमार्गावरच्या) हवेत सापडलं. गळती. व्हॉल्व्ह, फ्लेअर, कूलिंग टॉवर. कुणी मुद्दाम लपवत होतं असं नाही, हिशोबाची सूत्रंच खोटी होती. नंतर त्या ठरावीक वायूंसाठी वेगळे नियम आले आणि ओझोन खरोखर उतरला. मी तेव्हा नवीन होतो, फ्लॅंजला (नळांच्या जोडांना) पिशव्या बांधून गळती मोजायचो. तर आकड्याशिवाय ते मोजमाप झालं असतं का? नसतं. एवढं देतो तुम्हाला. ६० ला मात्र माझा विरोध कायम.

---

कर्वेरोडवरून

सगळं वाचलं. पुण्यात बसून एक शंका. आपल्याकडे ओझोनला काही मर्यादा आहे की नाही? पेपरात कायम पीएम २.५ चंच येतं.

---

रसायन_आळी

आहे, आणि चकित व्हाल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर २००९ ला जे मानक काढलं त्यात आठ तासांना १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. नेहमीच्या तापमानाला ते साधारण ५१ पीपीबी होतात. म्हणजे भारताचा आकडा अमेरिकेच्या ७० पेक्षा बराच कडक. जागतिक आरोग्य संघटनेचा आठ तासांचा आकडाही १०० च आहे.

मोजण्याची पद्धत वेगळी आहे, तेवढं लक्षात घ्या. अमेरिकेत वर्षातला चौथा सगळ्यात वाईट दिवस घेतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात. आपल्याकडे वर्षातले ९८ टक्के दिवस पाळायचं.

---

कर्वेरोडवरून

मग अमेरिकेपेक्षा आपण पुढे की!

---

पायथ्याशी

काका, आकड्यात पुढे. इथेच तर माझं घोडं अडलंय, आणि धागा काढायचं कारणही तेच.

इथला ७० आकडा ढिला आहे असं डॉक्टर म्हणतात, कडक आहे असं तेलवाले म्हणतात. पण त्याच्या मागे जिना बांधलेला आहे. मुदत चुकली की पेट्रोल बदलतं, २५ टनांचा कारखाना 'मोठा' होतो, राज्याने आराखडाच दिला नाही तर महामार्गाचा केंद्राचा पैसा अडू शकतो. १९९८ च्या सुमाराला अटलांटात नवीन रस्त्यांचा निधी हवेच्या नियमांमुळेच अडकला होता, आणि पुढच्याच वर्षी जॉर्जियाने वाहतुकीसाठी वेगळं प्राधिकरण काढलं. कुणा मंत्र्याच्या मर्जीवर नाही. आणि खातं झोपलं तर नागरिक कोर्टात जाऊन ईपीएला तारीख घालून घेतात, पायरी चढवायला लावतात.

आपल्या १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा पुण्यात ओलांडली तर उद्या सकाळी पुण्यात नेमकं काय बदलतं? २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाचं उद्दिष्टही धुळीच्या कणांचं आहे, ओझोनचं नाही. पुण्यातच आयआयटीएम (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) आहे, 'सफर' ही हवेच्या अंदाजाची यंत्रणा तिथेच घडली, म्हणजे ज्ञानाची कमतरता नाही. जिना नाही.

---

वॉशिंग्टन_पार्कची_वहिनी

जिना आहे म्हणून हुरळून जाऊ नका हो. आमची पट्टी २००७ पासून या ना त्या आकड्यात नापासच आहे. जिना चढतोय, पास कधी होतोय?

आणि उपाय बघा. २०२२ च्या ऑगस्टमध्ये महिनाभर बस-रेल्वे फुकट. २०२३ ला दोन महिने. २०२४ ला सरसकट फुकट बंद. मग गवत कापायची यंत्रं : २०२५ पासून उन्हाळ्यात सरकारी कामांना पेट्रोलची छोटी यंत्रं नकोत, आणि आपल्यासारख्यांना विजेच्या यंत्रावर ३० टक्के सवलतही दिली. मी घेतलं, छान चालतं, शेजारी झोपमोड होत नाही म्हणून खूश आहेत. पण मला कुणी सांगा, माझ्या लॉनमोवरने वेल्डच्या विहिरींची भरपाई होणार आहे का?

---

पायथ्याशी

नाही होणार. वहिनी, इथे मात्र मी तुमच्या बाजूने. (विहिरींवर काहीच नाही असंही नाही, २०१४ ला तेल-वायूच्या मिथेन गळतीवर नियम करणारं कॉलोराडो देशातलं पहिलं राज्य होतं. पण विहिरीही वाढल्या.)

अडचण अशी की गाडीच्या इंजिनाचे नियम बहुतेक केंद्राच्या हातात, ट्रकचे तसेच, विमानं-रेल्वे इंजिनं तर पूर्णच. स्थानिक हवा-खात्याच्या हाताला जे लागतं त्यावर ते नियम करतं : रंगाचा डबा, गवताचं यंत्र, पंपाची नळी. म्हणून आपल्याला वाटतं की हे क्षुल्लक गोष्टींच्या मागे लागलेत.

---

नवीन_आयडी_२

पहिलाच प्रतिसाद, चुकल्यास माफी. नोकरीनिमित्त डेन्व्हरला येतोय, मुलीला (वय ७) दमा आहे. पायथ्याकडे घर घेऊ नये का? आणि एन-९५ मास्क चालेल का दुपारी?

---

रसायन_आळी

मास्कने धूर अडतो, ओझोन नाही. तो वायू आहे. घरात मात्र ओझोन बाहेरच्यापेक्षा बराच कमी असतो, दुपारी खिडक्या बंद ठेवा. बाहेरचा खेळ सकाळी. बाकी औषधाचं डॉक्टरांना विचारा.

---

पायथ्याशी

घराबद्दल : ओझोन सगळीकडेच आहे, पायथ्याला थोडा जास्त. मी तेवढ्यासाठी घर नाकारणार नाही, पण शाळेला जरूर विचारा की नारिंगी दिवशी मैदानाचा तास आत घेतात का. काही शाळा घेतात, काहींना रंगच माहीत नसतो. आणि पेट्रोल संध्याकाळी भरा, ऊन उतरल्यावर. बाबांना मी हेच सांगितलं, तेव्हापासून ते सात वाजता फिरायला आणि मी साडेसातला पंपावर, असा बेत ठरला.

---

वॉशिंग्टन_पार्कची_वहिनी

@नवीन_आयडी_२ मंडळाच्या क्रिकेटला मुलीला घेऊन या. यंदापासून सराव दुपारचा हलवून सकाळी आठला केलाय. चहाची पाळी अजून कुणीच घेतलेली नाही, तेवढं बघा.